एका रविवारी तीन ठपके

सेक्रेटरी मेसच्या दारात उभे राहिले, चष्मा नाकावर चढवला आणि माझा गुन्हा वाचायला लागले. रविवारची सकाळ होती. साठेक मुलं-मुली उपमा खात होती. मी पातेल्यामागे उभी होते, हातात वाढायचा डाव.

"श्रीमती," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. मला कोणी श्रीमती म्हणायला लागलं की समजावं, काहीतरी काढून घ्यायचं आहे.

"आपण एका विद्यार्थ्याशी अत्यंत उद्धट वर्तन करून त्याच्या अभ्यासाच्या वहीचे नुकसान केले. याबद्दल आपणांवर ठपका ठेवण्यात येत आहे. यापूर्वी दोन वेळा लेखी ठपका ठेवूनही आपल्या वर्तनात सुधारणा झालेली नाही. सबब हा तिसरा ठपका असल्याने नियमानुसार आपली सेवा महिनाअखेर समाप्त होत असून आपण स्वयंपाकघरामागील खोली रिकामी करून द्यावी."

चमच्यांचा आवाज थांबला. सेक्रेटरींनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "चलो, नाश्ता चालू द्या."

मी पुढच्या मुलाच्या ताटलीत उपमा घातला. त्याच्या मागच्याच्याही घातला. हात चालत होता, डोकं एकाच शब्दावर अडकलं होतं: यापूर्वी. यापूर्वी मला कोणीही, कधीही, कसलाही कागद दिला नव्हता.

आता हे ठिकाण कोणतं ते सांगते. दिल्लीत राजेंद्र नगरच्या बाजूला मराठी मुलांचं एक वसतिगृह आहे. नाव सांगत नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून, लहान गावांतून मुलं इथे कलेक्टर व्हायला येतात. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळी. दोन-तीन वर्षं क्लास करतात, वाचून वाचून डोळे खराब करून घेतात, आणि त्यांतली थोडी होतात काहीतरी. बाकीची परत जातात. त्यांना जेवायला घालायचं काम माझं. बारा वर्षं मी ते करत होते. मेसच्या मागे एक खोली आहे, खिडकी एकच, तीही गल्लीकडे उघडणारी. नवरा गेल्यावर सरकारी क्वार्टर सुटलं, तेव्हापासून ती खोली हेच माझं घर. मुलगा मानेसरच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडे दीड खोली आणि चार माणसं. मी पाचवी झाले तर सून काही बोलणार नाही, पण ती न बोलणारी सून मला नको आहे.

म्हणजे काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की मी कोणाच्या तरी दिवाणाच्या कोपऱ्यात. एवढं सगळं त्या तीन ओळींत होतं.

आता गुन्हा. तो मी केला होता, त्यात खोटं काही नाही.

भांडी घासायला बिहारकडची एक बाई येते. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण गुडघे माझ्याहून खराब. एक मुलगा होता, नाशिककडचा, चांगल्या घरचा. रोज ताट भरून घ्यायचा आणि अर्धं टाकायचा. मी दोनदा सांगितलं, "बाळा, लागेल तेवढं घे." त्याने ऐकलं नाही. त्या दिवशी त्याला घाई होती. मोरीजवळ आला आणि उसळीने भरलेलं ताट तसंच सरकवलं. उसळ बाईच्या साडीवर गेली. ती म्हणाली, "भैया, ज़रा देख के." तो म्हणाला, "तेरा काम ही यही है." आणि निघाला.

"छोड़िए अम्मा, रोज़ का है," बाई मला म्हणाली.

मी सोडलं नाही. त्याची वही टेबलावर होती. मी त्याच्याच ताटातली उरलेली उसळ त्याच्याच वहीवर ओतली. वर्षभराच्या नोट्स होत्या, रंगीत पेनांनी लिहिलेल्या. परीक्षेला दीड महिना राहिला होता.

हे मी चूक केलं. वहीचा काय दोष? उसळ त्याच्या डोक्यावर ओतायला हवी होती.

त्याने तक्रार केली. करायलाच हवी होती. त्या एका गोष्टीसाठी मला बोलावून सेक्रेटरींनी तोंडावर झापलं असतं तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. पण सेक्रेटरींना मेस ठेकेदाराकडे द्यायची होती. ही कुणकुण मला दिवाळीपासून होती, कारण एक लठ्ठ माणूस दोनदा येऊन माझ्या चुली मोजून गेला होता. वसतिगृहाचा नियम असा की जुन्या माणसाला काढायचं तर तीन लेखी ठपके लागतात. माझ्या नावावर एकही नव्हता. मुलाच्या तक्रारीने एक मिळाला. उरलेले दोन त्यांनी बनवले.

हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं. ऑफिसातल्या कारकुनाने बोलावलं. हा मराठीच, पण दिल्लीत जन्मलेला, चाळिशीचा. मराठी बोलतो पण अडखळत, मध्येच हिंदीत घसरतो. माणूस वाईट नाही, फक्त ज्याच्या हाताखाली असेल त्याचा असतो.

टेबलावर तीन टाइप केलेले कागद होते, तिन्ही नवे करकरीत.

"आँटी, इथे, इथे आणि इथे साइन करा. पोहोचल्याची साइन आहे, बस. आणि तारीख मी पेन्सिलने लिहिली आहे, तीच टाका."

मी पाहिलं. तीन कागदांवर तीन वेगळ्या तारखा. एक जानेवारीतली, एक मेमधली, एक परवाची.

"हे जानेवारीतलं मला आज कसं पोहोचलं?"

"अरे आँटी, फॉर्मॅलिटी आहे यार."

"मग वाचते."

"वाचायला काय आहे त्यात?"

"तुला काही नसेल. मला वेळ लागतो. दे इकडे."

तो द्यायला तयार नव्हता. मी कागद उचलले आणि पदरात धरून निघाले. तो खुर्चीतून अर्धा उठला. साठी ओलांडलेल्या बाईच्या पदरातून कागद ओढायचे कसे हे त्याला समजेना, म्हणून परत बसला.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, पण सरकारी मराठी वाचायचं म्हणजे खडे असलेला तांदूळ निवडण्यासारखं. खोलीत बसून मी एकेक ओळ बोटाखाली घेतली.

असे कागद मला नवे नव्हते. माझा नवरा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होता. साहेबाला विमानतळावर घ्यायला एकदा उशीर झाला, तेव्हा त्याला मेमो मिळाला. उशीर का झाला? साहेबांच्या बाईंनीच गाडी बाजारात नेली होती. हे सगळ्या खात्याला माहीत होतं. मी म्हटलं, लिहून द्या तसं. तो म्हणाला, "वेडी आहेस का? बाईसाहेबांचं नाव कागदावर?" त्याने लिहून दिलं, चूक झाली, पुन्हा होणार नाही. तो ठपका त्याच्या सर्व्हिस बुकात चिकटला. पुढे दोनदा बढतीच्या वेळी तो कागद उघडला गेला आणि दोनदा दुसऱ्याला बढती मिळाली. नवरा कधी चिडला नाही. फक्त डाकेचं कोणतंही पाकीट आलं की त्याचा घास तोंडात फिरायचा. गॅसच्या कार्डाचं पाकीट आलं तरी.

माझ्या सासूने मला कमी बोल लावले नाहीत. पण बोलणं संपायचं. संध्याकाळी तीच म्हणायची, भाकर खाल्लीस का? कागदाला संध्याकाळ नसते. तो कपाटात पडून राहतो आणि ज्याने लिहिला तो मेला तरी बोलत राहतो. म्हणून कागदावर बोलायचं असेल तर माणसाने खरं बोलावं. तोंडी खोटं परवडतं.

मेमधल्या ठपक्यात लिहिलं होतं, मी तीन दिवस न सांगता गैरहजर होते. मे महिन्यात मला ताप आला होता, हे खरं. पण पहिल्या दिवशी सेक्रेटरींच्या घरी मी स्वतः फोन केला होता, आणि खिचडी कशी टाकायची ते भांडीवाल्या बाईला खाटेवरून ओरडून सांगत होते. पण फोनचा पुरावा काय देणार?

मग जानेवारीतला. "दिनांक १४ जानेवारी रोजी मेसमधील दुपारच्या जेवणातील भात कच्चा व डाळ पातळ असल्याबाबत सात विद्यार्थ्यांनी तोंडी तक्रार केली."

मी ती ओळ परत वाचली. मग बोट उचललं आणि हसले. एकटीच.

चौदा जानेवारी. त्या दिवशी मेसला कुलूप होतं. दरवर्षी त्या दिवशी दिल्लीतली मराठी माणसं पानिपतला जातात, काला अंबला, तिथे जे मेले त्यांना हार घालायला. आमच्या वसतिगृहाच्या दोन बस जातात. भात नाही, डाळ नाही. आदल्या दिवसापासून मी आणि बाई गूळपोळ्या लाटत होतो. पुऱ्या आणि कोरडी बटाट्याची भाजी डब्यांत भरली. मी स्वतः बसमध्ये होते, तिथल्या स्मारकाच्या स्तंभापासून थोड्या अंतरावर गारठ्यात उभी राहून वाढत होते. सेक्रेटरींनी भाषण केलं आणि माझ्या हातून चार गूळपोळ्या खाल्ल्या. चौथी मागून घेतली. म्हणाले होते, "बाई, तूप हात सैल सोडून घातलंय बरं का!"

कारकून मात्र त्या दिवशी आला नव्हता. त्याला सासुरवाडीला जायचं होतं, त्याने सुट्टी घेतली होती. त्याने कॅलेंडरमधून एक तारीख उचलली आणि टाकली. सेक्रेटरींनी न वाचता खाली सही केली. सगळं वसतिगृह पानिपतला असताना मी दिल्लीत कच्चा भात वाढला होता.

तोवर मी कागद उचलून आणल्याची बातमी मुलांना लागली होती. आठ-दहा जण माझ्या दाराशी आले. पुढे लातूरची एक मुलगी होती, तिसऱ्यांदा परीक्षा देणारी, आवाज मोठा.

"मावशी, तुम्ही काही लिहू नका. उत्तर आम्ही देतो."

ती मुलं म्हणजे कायद्याची पोतीच. एक म्हणाला, कलम तीनशे अकरा. दुसरा म्हणाला, "अरे बिनडोक, मावशी काय केंद्र सरकारच्या नोकर आहेत का?" तिसरा म्हणाला, नैसर्गिक न्याय. मग अर्धा तास नैसर्गिक न्यायावर भांडण. शेवटी त्यांनी चार पानं लिहिली आणि मला वाचून दाखवली. सुरुवातीला प्रस्तावना. मग संबंधित घटक कोण कोण, त्यात मी, मुलगा, भांडीवाली बाई आणि समाज. मग नैतिक पेच. मग पुढील वाटचाल. शेवटी उपसंहार.

"कसं आहे?" मुलीने विचारलं.

"मार्क चांगले पडतील," मी म्हटलं. "पण यात मी मेस चालवते हे कुठे आहे?"

"प्रस्तावनेत आहे ना."

"आणि चौदा जानेवारी?"

"काय चौदा जानेवारी?"

"तुम्ही कुठे होता त्या दिवशी?"

सगळी एकमेकांकडे बघायला लागली. मग लातूरची कपाळावर हात मारून ओरडली, "अय्या! आपण तर पानिपतला होतो!" दहा जणांनी तो कागद हातात धरला होता. रोज पन्नास पानं वाचणारी मुलं. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी त्यांना हाकलून दिलं आणि एक कोरा कागद तेवढा मागून ठेवला.

मी पाच ओळी लिहिल्या. त्याला सबंध सोमवार गेला.

बुधवारी कमिटीची मीटिंग असते. मी न बोलावता गेले. सेक्रेटरी, दोन सभासद, कोपऱ्यात कारकून.

"बाई, आत्ता नाही. नंतर."

"नंतर मी वाटाणे सोलत असते."

मी तिन्ही ठपके टेबलावर ठेवले. त्यांच्यासमोर तिन्हींवर सही केली. तिन्हींवर त्या दिवसाचीच तारीख टाकली. पेन्सिलीच्या तारखा खोडल्या नाहीत, तशाच राहू दिल्या, शेजारी माझी शाईची. कारकून म्हणाला, "आँटी, ये क्या किया!"

"मिळाले तेव्हाची तारीख टाकली. तूच म्हणालास ना, पोहोचल्याची सही?"

मग मी माझा कागद वाचला. बसून नाही, उभ्याने.

"वहीवर उसळ मी टाकली. तो ठपका माझा आहे, तो ठेवा. जानेवारीतल्या दिवशी मेस बंद होती, आपण सगळे पानिपतला होतो आणि सेक्रेटरी साहेबांनी माझ्या हातच्या चार गूळपोळ्या खाल्ल्या. मेमध्ये मी तापाने आजारी होते, फोन केला होता. हे दोन ठपके परत घ्या आणि परत घेतले हे मेसमध्ये वाचून दाखवा."

एक सभासद हसला आणि खोकल्यासारखं केलं. दुसऱ्याने जानेवारीतला कागद उचलून दिव्याकडे धरला, जणू तारीख उजेडात बदलेल.

"टायपिंगची चूक असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"कुठली तारीख टाइप करायची होती?"

"बाई, आवाज खाली."

"माझा आवाज असाच आहे. साठ जणांना हाका मारून बनलेला आहे."

"तुम्ही एका विद्यार्थ्याचं वर्षाचं काम खराब केलंत, याचं तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. म्हणून त्याखाली सही केली. आता तुम्ही खोटं लिहिलंत त्याखाली कोण सही करणार?"

मग जो सभासद हसला होता तो सेक्रेटरींना म्हणाला, "अहो, हे बाहेर गेलं तर त्या दिवशी पानिपतला काढलेला आपलाच फोटो आपल्यावर उलटेल. सोडा." दोन ठपके मागे घेतले असं लिहून त्यांनी खाली सह्या केल्या. एकच ठपका राहिला, त्यामुळे नोकरी राहिली आणि खोलीही.

"पण मेसमध्ये वाचणं वगैरे काही नाही," सेक्रेटरी म्हणाले. "मागे घेतलेला ठपका वाचून दाखवायची आपल्याकडे पद्धत नाही."

हे खरं होतं. आमच्याकडे कोणत्याही मुलाचा, कोणत्याही नोकराचा ठपका मेसमध्ये वाचतात आणि बोर्डावर लावतात. चुकीचा निघाला तर गुपचूप बोर्डावरून काढतात. ऐकलेलं मात्र कोणाच्या कानातून काढत नाहीत. मी मागे घेतल्याचा कागद आणि माझ्या खऱ्या ठपक्याची प्रत कारकुनाकडून मागून घेतली. तो द्यायला नको म्हणाला नाही, माझ्याकडे बघतही नव्हता.

पुढच्या रविवारी उपमाच होता. मुलं बसली. मी डाव पातेल्यात ठेवला, जिथे सेक्रेटरी उभे राहिले होते तिथे दारात जाऊन उभी राहिले आणि वाचायला लागले.

आधी माझा खरा ठपका वाचला, सबंध, उद्धट वर्तनासकट. मग दुसरा कागद. मला वेळ लागत होता. "तदनुषंगाने" या शब्दाशी मी तीनदा अडले. एक मुलगा मदत करायला उठला, मी त्याला खाली बसवलं. दोघं-तिघं मध्येच उठून गेली, त्यांचा क्लास होता. उपमा गार झाला. लातूरच्या मुलीने टाळी वाजवायला हात उचलला, मी डोळे मोठे केले, तिने हात खाली घेतला. हा काही समारंभ नव्हता.

सेक्रेटरी व्हरांड्यात होते. आत आले नाहीत, थांबवलंही नाही.

वाचून झाल्यावर नाशिकचा मुलगा पातेल्याजवळ आला. आमची त्या दिवसानंतर बोलाचाल नव्हती.

"मावशी, ते दोन खोटे ठपके... माझा काही संबंध नाही त्यात. मी फक्त वहीचं सांगितलं होतं."

"माहीत आहे. ताट घे."

त्याने थोडाच उपमा घेतला. भांडीवाल्या बाईशी तो काही बोलला नाही. माफी वगैरे काही मागितली नाही. ताट मात्र त्या दिवसापासून रिकामं करून, हाताने मोरीत नेऊन ठेवायला लागला. ते भीतीने केलं की लाजेने, मी विचारलं नाही.

परीक्षेत तो पहिल्याच पायरीला गळाला. दीड महिना त्याने त्या पिवळ्या पडलेल्या नोट्स परत लिहून काढल्या होत्या, हे मला नंतर कळलं. माझ्यामुळे गळाला की नाही, सांगता येत नाही. तो नाशिकला परत गेला. हे लिहिताना मी ते लपवत नाही, कारण माझा ठपका खरा होता आणि खऱ्या ठपक्याचं वजन कमी करायला मी बसलेली नाही.

सेक्रेटरींची मुदत संपली, दुसरे आले. त्यांनी एकदा फाइल उघडून मला विचारलं, "बाई, हा एक ठपका आहे तुमच्या नावावर. काय झालं होतं?"

"उसळ टाकली होती," मी म्हटलं.

"कुठे?"

"वहीवर."

त्यांनी फाइल बंद केली.

हे झालं तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते, विधवा, चौथी शिकलेली. आता एकोणसत्तर. तीच मेस चालवते आणि त्याच खोलीत राहते.